पाण्यातली मिरची

प्रोफेसर अँप्रात्वम यांनी उजव्या हाताची बोटे एकेक करून चाटली, वाडग्यातल्या पाण्यात बुचकळल्यासारखी केली, पांढऱ्या कोटाला पुसली आणि नळीचे झाकण उघडले. नळीत कोकोची पाने कुटून ठेवली होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आंबवलेल्या मक्याच्या केंकीचा अर्धा गोळा, तळलेला मासा आणि शितो होता. काळा, तेलकट, डोळ्यांतून पाणी काढणारा मिरचीचा शितो. प्रयोगशाळेत खाऊ नये अशी पाटी भिंतीवर होती. ती प्रोफेसरांनीच लावून घेतली होती, इतरांसाठी.

त्यांच्या हाताखालची संशोधक डॉक्टर सेरवा अद्दाए हिने हातमोजे पुढे केले.

"ते तुम्हाला लागतात," प्रोफेसर म्हणाले. "हे हात लंडनला शिकलेत."

सेरवाचे हात इथेच, कुमासीत शिकले होते, आणि याची तिला अधूनमधून आठवण करून दिली जाई.

यंत्र काड्यापेटीहून थोडे मोठे. आत एक पडदा, पडद्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे. कुठल्याही जिवाच्या जनुकांचा धागा छिद्रातून ओढला गेला की वीज किंचित अडखळते, आणि त्या अडखळण्यावरून संगणक तो धागा अक्षर अक्षर वाचतो. धागा कोणाचा, कुठून आला, याच्याशी छिद्राला कर्तव्य नसते. "माणूस खोटं बोलतो, छिद्र बोलत नाही," असे प्रोफेसर प्रत्येक उद्घाटनात सांगत. त्यातला पहिला भाग ते स्वतःच सिद्ध करून दाखवत.

त्या दिवशी छिद्राने कोकोच्या पानांत मिरचीचा विषाणू वाचला.

अडोमक्रोम गावातली कोवळी कोकोची झाडे पिवळी पडली होती. हर्मटानचा कोरडा वारा त्या वर्षी लांबला होता, पण वाऱ्याच्या अभ्यासाला कोणी अनुदान देत नाही. मिरचीचा रोग कोकोवर उडी मारतो, असे मात्र जगात अजून कोणी म्हटले नव्हते. प्रोफेसर जेवणावरून उठले ते थेट वार्ताहरांना फोन करायलाच.

सेरवाने एवढेच सुचवले, की एकदा नुसते शुद्ध पाणीही असेच यंत्रातून काढून पाहावे. त्यातही मिरची निघाली, तर ती पानांतली नव्हे, आपल्याच टेबलावरची.

"पाण्याला काय आजार झालाय, डॉक्टर?" प्रोफेसरांनी विचारले, आणि ज्यांच्या बढत्या अडल्या होत्या ते सगळे हसले.

जिल्हा समितीने अडोमक्रोमची मिरची उपटण्याचा हुकूम काढला. कोको नवऱ्यांचा; त्याच्या ओळींमधली मिरची बायकांची. त्यामुळे हुकुमाला विरोध झाला नाही, म्हणजे सभेत ज्यांना बोलू देतात त्यांच्याकडून झाला नाही. पोमामावशीची मिरची पहिल्याच सकाळी गेली. पोमा ही सेरवाची सख्खी मावशी. तिच्या याच मिरचीवर सेरवाचे शिक्षण झाले होते, आणि संशोधन केंद्राच्या फाटकाशी ती जी केंकी विकायची, तिच्यासोबतचा, प्रोफेसरांना रोज लागणारा शितोही तिच्याच हातचा.

"तुझ्या त्या डबीने माझं झाड पाहिलं तरी का गं?" मावशीने विचारले.

"नाही, मावशी." सेरवाने हातातले केंकी गुंडाळायचे पान दुमडले, पुन्हा उलगडले.

"मग बरोबर आहे. तुझा काका पण न बघताच ठरवतो."

मिरची संपली तसा शितोही संपला. प्रोफेसर टोमॅटोच्या फिक्या रश्शाशी केंकी खाऊ लागले आणि देश रसातळाला चालल्याचे सांगू लागले. पुढच्या चाचणीत अडोमक्रोमची पाने स्वच्छ निघाली. शितो नव्हता, विषाणूही नव्हता. सेरवाने ही दोन वाक्ये मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. प्रोफेसरांनी एकच लिहिले: उपाय लागू पडला. मधल्या काळात पाऊस होऊन झाडे हिरवी झाली होती, पण पावसाला शोधनिबंध लिहिता येत नाही. आता सगळ्या जिल्ह्याची मिरची उपटायची होती, आणि त्याआधीची शेवटची चाचणी बघायला समिती जातीने येणार होती.

मावशीने शितोची एक बरणी मागे ठेवली होती, नातवाच्या बारशासाठी. सेरवाने ती मागितली, आणि कोणासाठी तेही सांगितले.

"त्याच्यासाठी? त्यापेक्षा गटारात ओतीन."

"त्यांच्याच हातून काम व्हायचंय, मावशी."

मावशीने बरणी काढून दिली. जळजळ झाली पाहिजे, एवढेच म्हणाली.

समिती उपाशीपोटी काही पाहत नाही, म्हणून आधी जेवण झाले. प्रोफेसरांनी बरणी जी ओढून घेतली ती सोडली नाही. मग सेरवाने दोन नळ्या मांडल्या. एकीत पाने, दुसरीत शुद्ध पाणी. स्वच्छ म्हणजे काय ते समितीला दिसावे, असे कारण तिने सांगितले. अध्यक्ष क्वार्शी हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना तुलना आवडली. तिने सर्वांदेखत हातमोजे पुढे केले. प्रोफेसरांनी ते बाजूला सारले, बोटे चाटली, कोटाला पुसली आणि आधी पाण्याची, मग पानांची नळी उघडली.

संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर नाव उमटले. पानांत मिरचीचा विषाणू होता. शुद्ध पाण्यात त्याहून जास्त होता.

प्रोफेसरांनी पडद्याकडे पाहिले, मग नळीकडे, मग क्षणभर स्वतःच्या बोटांकडे. त्या क्षणी सेरवाला त्यांच्याबद्दल जवळजवळ आदर वाटला.

"म्हणजे पाण्यातून येतोय," प्रोफेसर म्हणाले.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग मिरचीचा दोष?"

"मिरची बिचारी बळी आहे, सर. कोकोसारखीच."

सेरवाने बोलायला तोंड उघडले. पाणी निर्दोष ठरले तर दोष कोणाकडे परत जाणार, हे तिला तेवढ्यात उमगले. प्रोफेसरांकडे तर नक्कीच नाही, मिरचीकडेच. तिने तोंड मिटले. समितीने मिरचीचा हुकूम मागे घेतला आणि जिल्ह्याचे पाणी तपासायला नवी प्रयोगशाळा मंजूर केली. प्रमुख कोण, हे कोणी विचारले नाही.

मावशीने पुन्हा रोपे लावली. तुझी डबी शहाणी झाली बाई, असे ती फाटकापाशी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली.

नव्या प्रयोगशाळेचे उद्घाटन मावशीच्या नव्या मिरचीच्या तोडणीनंतर झाले. टेबलावर नद्यांच्या, विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी जेवण. छायाचित्रकार पुढे सरसावले तसे प्रोफेसरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले.

"डॉक्टर, हातमोजे आणा बघू. आज घालतो. फोटोत बरं दिसतं."

सेरवाने पायाने हातमोज्यांचा खोका टेबलाखाली आत सरकवला.

"संपलेत, प्रोफ," ती म्हणाली, आणि बरणी त्यांच्या जवळ आणून ठेवली. "शितो घ्या ना अजून."