कानिफनाथाची काडी

काष्टीत आजवर खरा शूर माणूस एकच निपजला, तो म्हणजे कानिफनाथ गुळव्या, असं बाजारतळावरच्या त्याच्या सत्कारात त्याचा दोस्त आसारामने जाहीर केलं. या शूराला आदल्या दिवाळीत, म्हणजे बहात्तर साली, आगकाडी फुंकून विझवता येत नव्हती.

कानिफनाथाची हयात गुऱ्हाळात, रस उकळणाऱ्या काहिलीपुढे गेली. चिपाडांचा धूर, वर विड्या. छाती भात्यासारखी वाजायची. त्यात पुण्याच्या डॉक्टरांना काळजाची झडपही आवळलेली सापडली. "ऑपरेशनशिवाय फार दिवस नाहीत," ते म्हणाले, "पण या छातीला भूल दिली तर उठाल याची खात्री नाही." त्यांनी वीतभर अंतरावर काडी पेटवून धरली. "ओठांचा चंबू न करता, आ करून विझवा." जन्मभर आगीला हुकूम सोडणाऱ्यापुढे काडी शेवटपर्यंत जळाली. डॉक्टरांनी विड्या तोडल्या आणि नळीने जोडलेल्या दोन बाटल्या दिल्या. एकीतलं पाणी फुंकून दुसरीत घालायचं. गुढीपाडव्याला काडी विझली तर ऑपरेशन, नाहीतर घरी.

गाव मदतीला धावलं. आजाऱ्याला भेटायचं म्हणजे उशाशी बसून दोन विड्या ओढायच्या, ही आमची रीत. म्हणून त्याच्या बायकोने, छबूबाईने, दारात डबा ठेवला. देवळाबाहेर जोडे काढावेत तशा विड्या त्यात टाकायच्या. आसाराम मात्र एक कानामागे ठेवायचा. रोज संध्याकाळी तो काडीची परीक्षा घ्यायचा आणि विझली नाही की तिच्यावरच विडी पेटवायचा.

"आसारामभावजी, परीक्षा घ्याया येता का विडी वडाया?"

"वयनी, काडी फुकट जाती ना!"

"मंग भाईर जाऊन जाळा!"

कानिफनाथ हसायचा, हसता हसता खोकायचा, आणि पुन्हा बाटली तोंडाला लावायचा. कौतुक करावं ते याचं. मानेच्या शिरा तटतटायच्या, छबूबाई "पुरं आता" म्हणायची, आणि बोलायला दम नसलेला हा माणूस हातानेच 'अजून एकदा' सांगायचा.

होळीच्या सुमारास काडी विझली. आसारामने दुसरी पेटवली. तीही विझली.

"आयला नाथा, माझी विडी ऱ्हायली की!"

"ऱ्हाऊ दे आता," कानिफनाथ म्हणाला, आणि एवढं बोलूनही त्याच्याकडे दम शिल्लक होता.

पाडव्याला डॉक्टरांची काडीही विझली. त्यांनी छाती दोनदा तपासली. एवढी मोकळी कशी झाली, याचं त्यांनाच नवल वाटलं. झडप उघडली, भूल उतरली, माणूस उठला. काष्टीच्या स्टँडवरून तो घरापर्यंत चालत आला, तेव्हा छबूबाई मागे पडली होती.

सत्कारात आसारामने श्रेय काड्यांना दिलं, सरपंचांनी गावाच्या एकीला आणि छबूबाईने दारातल्या डब्याला. कानिफनाथाने बाटल्यांना नमस्कार केला. टाळ्या झाल्या.

त्या साली पाऊस झाला नव्हता. गावात ऊस नव्हता. गुऱ्हाळ पेटलंच नव्हतं.