लाल बटण

सगळे म्हणतात, पार्वतीबाई, तुमची नजर वाईट. वाईट कशाला, चोख म्हणा ना! भांडुपच्या आमच्या चाळीत कुणाची सून कितव्या महिन्यात आहे ते तिच्या सासूच्या आधी मला कळतं.

मुलगी बघायची म्हणजे काय नुसते पोहे खायचे? चालायला लावायचं, पेपर वाचायला लावायचा, मागून हाक मारून बघायची. लोक काय काय लपवतात ते मला ठाऊक, कारण मीही लपवलंय. माझ्या कमळला लहानपणी गालगुंडं झाली आणि डावा कान गेला. मुलुंडची माणसं तिला बघायला आली तेव्हा मी तिला डावी बाजू भिंतीला खेटवून बसवलं आणि पाहुण्यांना उजवीकडे. जमलं! मे महिन्याची तारीखही धरली. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, त्यात लाजायचं काय?

तर माझ्या मुलासाठी, चंद्रप्रकाशसाठी, शेवंतीने विक्रोळीची सुलक्षणा आणली. शेवंती आमच्या गावचीच, कमळचं स्थळही तिनेच जमवलेलं. मुलगी सत्तावीस वर्षांची, कंपनीत कामाला. आधी आठ जण बघून गेलेले. बापाने, दशरथरावांनी, निरोप धाडला की आमच्याकडे पाहुणे बसवायला जागा नाही, आम्हीच मुलीला घेऊन येतो. मुलाच्या घरी मुलगी दाखवायला? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आली. दिसायला झकास, खोटं कशाला बोलू. चालली नीट, वाचलं नीट, मागून हाक मारली तर लगेच वळली. डावा हात मात्र पदराखालून बाहेर येईना. मला वाटलं, लाजते.

चंद्रप्रकाश तर पाघळलाच. त्याच्या मामाने मस्कतहून टीव्हीला लावायचा गेम आणलेला. अंतराळातल्या लढाईचे ते इंग्लिश पिक्चर येतात ना, एकामागून एक भाग, त्यातल्या तिसऱ्या भागावरून काढलेला. खाली आपलं विमान, वरून शत्रूची. डाव्या हातात काळा डबा धरून उजव्या हाताने त्यावरची दांडी फिरवायची आणि डाव्या अंगठ्याने लाल बटण दाबायचं, की गोळी सुटते. एकोणतीस वर्षांचा घोडा, पण रविवार सगळा त्यात जातो.

"खेळणार का?" त्याने तिला विचारलं.

"राहू दे हो, तिला नाही जमायचं," बापच घाईघाईने बोलला. ती घाई मी ऐकली.

"खेळ गो," मी म्हटलं. "लाजतंस कित्याक?"

खेळली. आणि काय खेळली! विमान इकडून तिकडे पळवतेय, एक गोळी लागू देत नाही. पण एक मारतही नाही. नुसती चुकवतेय, चुकवतेय.

"अहो, मारा ना! लाल बटण!" चंद्रप्रकाश ओरडला. कमळ हसली, शेवंती तर पोट धरून हसली. सुलक्षणाचं कपाळ घामाने भिजलेलं. डबा तिने गुडघ्यांत दाबून धरला होता, डावा हात पदरासकट त्यावर नुसता टेकवलेला.

मी उठले. पदर बाजूला केला, मनगट धरलं आणि हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा. अंगठा लाकडासारखा ताठ. नख नाही.

"कंपनीत प्रेस मशीनमध्ये सापडला," दशरथराव उभेच राहिले. "वळत नाही एवढंच. बाकी स्वयंपाक, धुणं, सगळं करते हो."

"मग लपवलात कशाला?" मी म्हटलं. "ही वाटी उचल बघू. डाव्या हाताने."

तिने उचलली. निम्म्यावर वाटी निसटली आणि शेव लादीवर सांडली. "आता ती भर," मी म्हटलं. ती खाली बसून एका हाताने शेव भरत राहिली. "आई, पुरे," चंद्रप्रकाश पुटपुटला, पण तिच्याकडे न बघता त्याने गेम बंद केला. मला बरं वाटलं. हो, वाटलं!

ती माणसं निघाली. कमळ दारात उभी, सुलक्षणा तिच्या डाव्या बाजूला. "कमळ, माझी चप्पल सरकव ना जरा," ती म्हणाली. कमळ आपली समोर बघून हसतेय. "कमळ," तिने पुन्हा हाक मारली. कमळ ढिम्म.

सुलक्षणाने तिच्या कानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. शेवंती हातभर अंतरावर उभी होती, तिलाही कमळच्या कानाचं ठाऊक नव्हतं. सुलक्षणा एक शब्द बोलली असती तर मुलुंडचं लग्न तिथेच मोडलं असतं.

ती वळसा घालून कमळच्या उजवीकडे गेली. "येते हं," म्हणाली.

"या," कमळ म्हणाली.

मग वाकून तिने स्वतःच चप्पल ओढली आणि बापामागून जिना उतरली.

कमळचं लग्न मे महिन्यात थाटात झालं. सुलक्षणाच्या अंगठ्याची गोष्ट तोवर मी भांडुपपासून विक्रोळीपर्यंत पोचवली होती. नळावर सांगितली, देवळात सांगितली, कमळच्या हळदीलासुद्धा सांगितली. शेवंती म्हणते, तिला आता कुणी बघायलाही येत नाही.

त्या दिवशी दारात बोलली का नाही मेली? बोलली असती तर फिटंफाट झाली असती. मग मला तिचा एवढा राग आला नसता.