पुढच्या वेळचा घास

मी एक जुना सुरण आहे. मित्रांनो, माझ्या अंगावरच्या गाठी पाहून तोंड वाकडं करू नका. मीही तुमच्याकडे संशयानेच पाहतो आहे. माणूस कंदाला गोंजारू लागला, की पाठीमागच्या हातात सुरी असणार, हे मी ओळखून आहे.

माझ्या आईमुळेच मी हे शिकलो. एका वसतिगृहाच्या आचाऱ्याने तिला घाईघाईत चिरलं आणि चिंच न घालताच शिजवलं. चाळीस मुलांचे घसे खाजले. "सुरणच वाईट निघाला," असं सांगून तो मोकळा झाला. तेव्हापासून ताटात फक्त भात आणि बटाटा. आईचे कोंबाचे तुकडे मात्र वसतिगृहाच्या माळीणबाईंनी आधीच राखून ठेवले होते. ते त्यांनी मोरीमागे पुरले, आणि आम्ही अकरा भावंडं वाढलो. चौथ्या वर्षी मी दोन हातांत मावेना.

"बघा, कसं बाळसं धरलंय!" माळीणबाई म्हणायच्या. कौतुक ऐकून मी जास्तच सावध झालो.

आम्हाला काढून कोठीत ठेवलं. आचारी रोज यायचा, पण आमच्याकडे बघायचा नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. आम्ही धूळ खात पडलो.

मग पूल खचला आणि सामानाची गाडी येईना. पाचव्या दिवशी बटाटे संपले आणि तांदळाच्या डब्यातही खडखडाट झाला. आचारी सुरी घेऊन कोठीत आला. मागे माळीणबाई होत्या. त्याही सामील आहेत हे पाहून मला फार वाईट वाटलं.

"बाई, पुन्हा घसे खाजले तर पोरं माझ्या हातचं कधी खायची नाहीत."

"हाताला तेल लावा, चिंचेच्या पाण्यात नीट उकळा. काही होत नाही. फक्त कोंबाचे तुकडे मला द्या."

"पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही तुकडे कसले राखताय?"

"तो पुढच्या वेळचा घास आहे, भाऊ. तोही आज खाल्ला, तर पुढच्या वेळी काय, डबा वाजवायचा?"

सुरी चालली. माझा कोंबाचा तुकडा तेवढा टोपलीत वाचला, आणि आता बोलतो आहे तो तोच.

वाढण्याआधी आचारी मुलांसमोर उभा राहिला. "मागच्या वेळी चिंच मी घातली नव्हती. चूक माझी होती," असं म्हणून त्याने पहिला घास स्वतः खाल्ला. मुलं त्याच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. तो खोकला नाही. मग एका मुलीने ताट पुढे केलं. गाडी येईपर्यंत चूल पेटत राहिली.

परवा आचाऱ्याने स्वतः खड्डा खणला. मग तो माझ्याकडे वळला, तेव्हा त्याचा एक हात पाठीमागे होता. मी धसकलोच. पण त्या मुठीत शेणखत होतं.

माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. तरी मित्रांनो, एक विनंती आहे. पोट भरलेलं असतानाच आम्हाला मातीत पुरा. आम्हाला मोठं व्हायला चार वर्षं लागतात. भूक तेवढी थांबत नाही.