दिवा तेवढा विझवून द्या

दादांच्या गाडीतला लाल दिवा लागला तो एका वळणावर. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि समोर एक इवलंसं चित्र उजळलं. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे गोल फुगा. गाडी सरळ झाली तरी ते चित्र काही जाईना.

दुसऱ्या कुणी महिनाभर तिकडे पाहिलंही नसतं. दादा तसे नव्हते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या या माणसाला घरातला नळ ठिबकला तरी चैन पडत नसे. शिवाय ही गाडी आता त्यांच्याकडे राहायची नव्हती. येत्या रविवारी ते ती धाकट्या भावाच्या बायकोला देणार होते. ती नर्स होती. गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात बदली झाल्यापासून दोन बस बदलून जाता-येता तिचा जीव मेटाकुटीला येई. "मला म्हाताऱ्याला आता कुठे हिंडायचंय? पोरीच्या कामाला येईल," असं म्हणून दादांनी गाडी धुऊनपुसून घेतली, नवी आसनं बसवली. आणि नेमका आता हा दिवा!

ते तडक गॅरेजात गेले. मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिलं.

"एअरबॅगची लाइन तुटलीय, काका. स्टिअरिंगच्या आत वायरची गुंडाळी असते, ती गेली. मागवावी लागेल. आठवडा तरी धरा."

"आठवडा? अरे, मला रविवारी भावजयीला गाडी द्यायचीय!"

"मग दिवा तेवढा विझवून देऊ का? पुष्कळजण करून घेतात."

"गाडीला काही होणार नाही ना?"

"गाडीला काय होतंय! मस्त पळेल."

गाडीला काही होणार नव्हतं, हे अगदी खरं. गाडीत बसणाऱ्याचं काय, हे दादांनी विचारलं नाही आणि मेकॅनिकने सांगितलं नाही.

"बरं, दिवा तेवढा विझवून दे," दादा म्हणाले.

रविवारी किल्ली हातात पडली तेव्हा ती नुसती बघतच राहिली. मग आरसा आपल्या उंचीला करून घेतला, पट्टा लावला आणि दादांना शेजारी बसवून पहिली फेरी मारून आणली. "दादा, माझ्या वडिलांनीसुद्धा माझे इतके लाड केले नव्हते हो!" ती म्हणाली. दादा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना डोळे पुसायचे होते.

तिचा नवरा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणत. वडील गेले तेव्हा मास्तर शाळेत होता. त्याला वाढवलं, धंद्याला लावलं, पहिलं शिवणयंत्र आणून दिलं ते दादांनी. त्यामुळे दादांच्या घरातून आलेल्या वस्तूत खोट असेल, असं मास्तरच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

काही दिवसांनी ती म्हणाली, "अहो, हॉर्न कधी वाजतो, कधी वाजत नाही. वळताना तर मुळीच नाही."

"बघू गं. शाळांचे गणवेश एकदा हातावेगळे होऊ देत."

पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा सांगितलं, पण हसत. "मी मेली काच खाली करून ओरडते, सरका हो, सरका! लोकांना वाटतं भाजीवाली आली."

मास्तरही खूप हसला. तोंडात टाचण्या होत्या म्हणून हात वर करून त्याने नुसती खूण केली. नंतर बघू.

तो 'नंतर' कधी आला नाही. एका दुपारी काम संपवून ती घरी निघाली होती. पुढचा मालाचा ट्रक एकाएकी थांबला. तिने ब्रेक दाबला, पण गाडी घसरत जाऊन ट्रकच्या मागच्या बाजूवर आदळली. तिला तिच्याच रुग्णालयात नेलं. ज्या खोलीत ती रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधायची, तिथे तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी धावाधाव करत होत्या आणि धावताना रडत होत्या. मास्तर पोचला तेव्हा त्याच्या गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. सगळं संपलं होतं.

डॉक्टर तिच्यासोबत काम केलेले. ते म्हणाले, "मास्तर, पट्टा लावलेला होता. पण स्टिअरिंग छातीवर बसलं. फुगा उघडला असता तर..."

भेटायला येणारा जो तो म्हणे, नशीब! तिची वेळ भरली होती, त्याला कोण काय करणार? मास्तर मान डोलवी. पण डॉक्टरांचं ते अर्धं वाक्य त्याच्या मनातून जाईना. फुगा का उघडला नाही?

त्याच्या दुकानासमोर एक बाई राहत. तंत्रशाळेत गाड्यांच्या विजेचं काम शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मास्तर त्यांच्याकडे गेला. "बाई, मला फक्त कळायला हवंय हो. नाहीतर वेड लागेल मला."

मोडक्या गाड्या ठेवतात त्या आवारात बाई त्याच्याबरोबर आल्या. त्यांनी आधी बॅटरी सोडवली आणि उरलेली वीज उतरेपर्यंत गाडीला हात लावला नाही. "न उघडलेला फुगा म्हणजे भरलेली बंदूक. त्याला साधं मीटरसुद्धा लावायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्टिअरिंगवरचं झाकण जपून काढलं, बाजूला ठेवलं आणि आतून एक पातळ पट्टी बाहेर काढली. घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. एका जागी ती तुटली होती. पण बाईंचं लक्ष दुसरीकडेच गेलं. खालच्या पिवळ्या जोडात, जिथे या पट्टीचं टोक असायला हवं, तिथे भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा एक तुकडा खोचलेला होता. जळून काळा पडलेला.

त्यांनी गाडीचा छोटा संगणक काढून घेतला, आपल्या यंत्राला जोडला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"मास्तर, बसा आधी." एका उलट्या टायरवर तो बसला. "धडक बसली त्याच क्षणी संगणकाने हुकूम सोडला होता. फुगा उघड, म्हणून. वेळेवर सोडला होता. पण तो फुग्यापर्यंत गेलाच नाही. या तुकड्यात जाऊन जळला. हा आपोआप आलेला नाही. आतली पट्टी तुटली, की धोक्याचा दिवा लागतो. तो दिसू नये म्हणून कुणीतरी हा तुकडा बसवला. संगणकाला वाटत राहिलं, फुगा जागेवर आहे."

"म्हणजे फुगा उघडला असता तर ती..."

"वाचलीच असती, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तिच्या हक्काची एक संधी होती. ती कुणीतरी आधीच काढून घेतली होती."

मास्तर सरळ दादांकडे गेला. त्याला वाटत होतं, गाडी विकणाऱ्याने कधीकाळी हे केलं असेल, दादांची फसवणूक झाली असेल. त्याने सगळं सांगितलं आणि विचारलं, "दादा, कुणी केलं असेल रे हे?"

दादा दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची घडी करत होते. सदरा हातातून खाली पडला. ते गप्प राहिले असते तर कुणालाही, कधीही कळलं नसतं.

"मी," दादा म्हणाले. "दिवा लागत होता. मी विझवून घेतला."

"काय?"

"रविवार गाठायचा होता रे. मला वाटलं, दिवाच तर आहे. तिला देताना गाडीत काही खोट दिसू नये..." म्हातारा माणूस लहान मुलासारखा जमिनीवर बसला.

मास्तरने त्यांना उठवलं नाही. "माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस," एवढंच बोलून तो निघाला. ज्या हाताने घास भरवला त्याच हाताने घर उजाड केलं! कुणाला सांगायचं हे?

त्यानंतर तो दुकान उघडी, पण यंत्र चालत नसे. दादा रोज रस्त्याच्या पलीकडे येऊन उभे राहत आणि परत जात. बाईंना खिडकीतून हे दिसत होतं. एका संध्याकाळी त्यांनीच दादांना विचारलं आणि दादांनी त्यांना सगळं सांगितलं. एक दिवस त्या उसवलेली उशी घेऊन दुकानात आल्या.

"मास्तर, एक विचारू? या गाडीचा हॉर्न नीट वाजत होता का हो?"

मास्तरने मान वर केली. "नव्हता. वळताना वाजायचा नाही. का?"

"हॉर्नची वायरही त्याच पट्टीतून जाते. दिवा विझवला, तरी गाडी हॉर्नमधून सांगत होती."

मास्तरच्या हातातली कात्री गळून पडली. "ती मला म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती, बाई! मी म्हटलं, नंतर बघू!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हंबरडा फोडून रडला.

बाईंनी त्याला रडू दिलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला टोचायला नाही सांगितलं. दादांनी चूक केली, मोठी चूक केली. पण त्यांना कुणी सांगितलं होतं, की दिवा विझवला तर गाडीत बसणाऱ्याचं काय होईल? तुम्हाला कुणी सांगितलं होतं, हॉर्न का रुसतो ते? ज्याला ठाऊक होतं तो गॅरेजात बसलाय आणि आजही दिवे विझवतोय. तुम्ही दोघं भाऊ एकमेकांना जाळत बसलात, तर त्याला कळणार कधी?"

"मी काय करू मग?"

"रस्ता ओलांडा. ते उभे आहेत."

मास्तरने कात्री उचलून ठेवली. मग उठला, रस्ता ओलांडून गेला आणि दादांकडे न बघता म्हणाला, "चल. त्या गॅरेजात जाऊ."

गॅरेजात एक तरुण बाप उभा होता. मागच्या सीटवर तान्ह्या बाळाला घेऊन त्याची बायको बसली होती. "तो फुग्याचा दिवा तेवढा घालवून टाका हो, उगाच डोळ्यांना खुपतो," तो सांगत होता आणि मेकॅनिक हात पुसत 'हो' म्हणत होता.

"नको!" दादा ओरडले. सगळे वळले. कचेरीत आयुष्यभर कधी आवाज न चढवलेला तो माणूस गाडीच्या दाराला धरून उभा होता. "नको रे बाबा! मी पण असाच घालवला होता दिवा. याच जागी. माझी भावजय... माझ्या लेकीसारखी होती ती. मी तिला भेट दिली गाडी. मरण दिलं मी तिला!"

त्या तरुणाने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या सीटकडे. त्याने किल्ली काढून मेकॅनिकच्या हातात ठेवली. "नीट दुरुस्त होईपर्यंत गाडी इथेच राहू दे," तो मेकॅनिकला म्हणाला. बायकोच्या हातातून बाळ घेतलं आणि तिघं चालत निघाले.

मेकॅनिकचा चेहरा पांढरा पडला होता. "काका, त्या ताई? ज्यांना गाडी देणार म्हणून तुम्ही इतके खुश होतात, त्या?" तो म्हणाला. "सगळेच मागतात म्हणून मी देत गेलो. मला वाटायचं, दिवाच तर विझवतोय." मग ड्रॉवरमधले ते इवले तुकडे मुठीत घेऊन त्याने ते एकेक करून हातोडीने ठेचले. त्याला कुणी थांबवलं नाही. त्याचं सांत्वनही कुणी केलं नाही.

दोघं भाऊ चालत परतले. दुकानाशी आल्यावर दादांनी विचारलं, "मला माफ करशील?"

"जिने केलं असतं ती राहिली नाही, दादा. मला जमेल का, माहीत नाही."

दादा मान खाली घालून वळले.

"पण उद्या ये," मास्तर मागून म्हणाला. "परवाही ये. ते घर मला एकट्याला झेपत नाही."

वाचकहो, या गोष्टीत कुणी दुष्ट नव्हतं. एक प्रेमळ दीर होता, एक कामात बुडालेला नवरा होता, गिऱ्हाइकाला नाही म्हणता न येणारा कारागीर होता. आपल्यासारखेच सगळे. म्हणूनच सांगायचं, की घरात, गाडीत, कारखान्यात कुठेही धोक्याचा दिवा लागला, तर 'हा विझेल कसा?' असं विचारू नका. 'हा लागला का?' असं विचारा. काम आठवडाभर अडेल, कुणी कुरकुरेल, भेट उशिरा पोचेल. पोचू दे! उशिरा आलेली भेट हातात घेऊन हसायला माणूस तरी शिल्लक राहील.