पदराची ऊब

भागीबाईच्या पदरावर अख्ख्या वस्तीचा भरवसा. कुणाच्या पोराच्या डोळ्यात कुसळ जावो की चिलट शिरो, पोर थेट तिच्याकडे. पदराचा बोळा करायचा, तोंडाशी धरून त्यात ऊन ऊन श्वास सोडायचा आणि डोळ्यावर दाबायचा. रडणारं पोर पुन्हा खेळायला मोकळं. हसू नका, तुमच्याही आईने हेच केलंय.

वस्ती पेठ तालुक्याच्या डोंगरातली. भाताची कापणी उरकली की सगळे दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरायचे, बांधाला खोपी घालून राहायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. १९९३ साली भागीची सविता सहा वर्षांची होती. शिमगा जवळ आला की पोरीचे डोळे चिडायचे. लालभडक व्हायचे, दोऱ्यासारखं चिकट चिपूड यायचं, उन्हाकडे बघवायचं नाही. आणि खाज! दोन्ही मुठींनी ती डोळे असे चोळायची की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पावसाळ्यात सगळं आपोआप कमी व्हायचं, म्हणून भागीला वाटायचं, उष्णता आहे, जाईल.

त्या वर्षी भागी कामाला होती त्या निवृत्ती नानांच्या बागेवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडली. नानांनी वेलींवर गंधकाची धुरळणी करवली. बाया दिवसभर वेलींखाली माना वर करून राबायच्या आणि पिवळी भुकटी डोक्यावर, खांद्यावर, पदरावर बसायची. संध्याकाळी भागी हातपाय धुऊन पोरीला मांडीवर घ्यायची. दुसरं लुगडं होतं, पण ते सणावारी नेसायचं. तोच पदर, तोच बोळा, तीच ऊब, वर थोडं गोल गोल चोळणं.

"अजून, आये," सविता म्हणायची.

घटकाभर बरं वाटायचं, मग आग दुप्पट. जितकी आग, तितका पदर. लेकराला नाही म्हणणारी आई भागी नव्हतीच, आणि इथेच घात झाला.

एके सकाळी डावा डोळा उघडेना. शेजारच्या खोपीतल्या फुलाबाईने मीठमोहऱ्यांनी नजर काढली. रोग रेड्याला नि औषध पखालीला! त्यात आणखी दिवस गेले. मग बुबुळावर भाताच्या शितासारखा पांढरा ठिपका दिसला. पोरीला काखोटीला मारून भागी नाशिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी सविताची वरची पापणी उलटी केली आणि भागीला जवळ बोलावलं. आतून पापणी खडी अंथरल्यासारखी खडबडीत झाली होती.

"ही ॲलर्जी आहे. धूळ, वारा, फुलांचे परागकण, कशानेही उठते. मग पापणीखाली अशा गाठी येतात आणि डोळा मिटला की बुबुळावरच्या काचेला घासतात. चोळलं की आणखी घासतात. घासून जखम झाली आणि ती चिघळली. डोळे कशाने पुसता?"

भागीने पदर पुढे केला. बाईंनी तो बोटांत चुरून पाहिला, नाकाशी नेला. पिवळी भुकटी त्यांच्या बोटांना लागली.

"रोग तुम्ही दिला नाही," त्या म्हणाल्या. "पण हा पदर पुन्हा लावू नका. ऊब नको, चोळणं नको. गार पाण्याची स्वच्छ घडी ठेवायची आणि मी देते तेवढेच थेंब घालायचे. डाव्या डोळ्यात हा पांढरा डाग, फूल, राहणार, त्यातून दिसणार नाही. उजवा जपा. मोठी झाली की हा आजार बहुतेक ओसरतो. तोवर जपा."

यातलं पहिलं वाक्य भागीला ऐकूच आलं नाही. तिला फक्त पदर ऐकू आला.

खोपीत परतल्यावर सविता सवयीने मांडीत शिरली. "आये, ऊब दे."

"सरक तिकडं! पदराला हात लावशील तर बघ." भागीने ओली घडी लांबूनच तिच्या हातात दिली. मग तिला समजावलंही, "पदरानंच गेला गं डोळा." सहा वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार?

थोड्या दिवसांनी सविता फुलाबाईला विचारत होती, "डोळ्यात फूल पडलं म्हणून आये मला जवळ घेत नाय का?"

कुडापलीकडे भागीने ते ऐकलं. ती उठली, पदरावरची पिवळी भुकटी दिसली आणि पुन्हा बसली. मला विचाराल तर तिने ते लुगडं फेकून धावायला हवं होतं. पण भ्यालेलं माणूस मोजून मापून दूर होत नाही. ती पुरतीच दूर झाली.

उजवा डोळा मात्र वाचला. सविता मोठी झाली तशी खाज गेली, थेंब सुटले. भागीनेही द्राक्षबागा सोडल्या.

२००६ साली सविताला बघायला पाहुणे आले. चहा अर्धा टाकून उठले आणि अंगणात एक जण म्हणाला, "पोरगी लय चांगली, पण डोळ्यात फूल हाय." आत सविताला ते स्पष्ट ऐकू गेलं. ती चुलीपाशी रडत बसली.

भागी तिच्याजवळ टेकली. पदर सकाळीच धुतलेला होता. तिने त्याचा बोळा केला, इतक्या वर्षांनी त्यात ऊन श्वास भरला आणि हात पुढे नेला.

सविताने तिचं मनगट हळूच धरलं.

"नको, आये. डोळ्याला पदर लावायचा नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळ्यांना हात न लावता तशीच बसून राहिली. फूल पडलेल्या डोळ्यातूनही पाणी तेवढंच वाहत होतं.