शेवटी एकीला मारता येईल का?

दिग्दर्शिकेचे तिन्ही चित्रपट विनोदी होते, हे तिच्याखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. वयात येणाऱ्या मुली मुलींच्याच प्रेमात पडतात, स्वतःची फजिती करून घेतात आणि शेवटी त्यांचं कसंबसं जमतं, असं ती दाखवायची. लोक ते सुतकी चेहऱ्यानं बघायचे आणि बाहेर पडताना तिचा हात हातात घेऊन म्हणायचे, "फार धाडसी."

तिसऱ्या चित्रपटाच्या महोत्सवातल्या खेळाला तिची मावशी आली. पडद्यावर शाळकरी पोरगी बापासमोर घाम पुसत उभी होती. "बाबा, माझं एका मुलीवर प्रेम आहे."

बापाचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना? मला वाटलं, गणितात नापास झालीस."

सभागृह चिडीचूप. एक-दोघांनी रुमाल काढले. मावशी मात्र खो-खो हसली.

पुढच्या रांगेतले गृहस्थ वळले. "अहो, विषय गंभीर आहे."

"विषय असेल. बाप विनोदी आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारच्यालाही धीर आला. बघता बघता सगळी रांग हसायला लागली. गृहस्थांनी आपलं हसू खोकल्यात लपवलं. दिग्दर्शिका अंधारात भिंतीला टेकून उभी होती. परीक्षकांनी चित्रपटाला बक्षीस दिलं, ते 'काळीज पिळवटणाऱ्या वेदनेबद्दल'.

बक्षिसामुळे एका मोठ्या निर्मात्यानं बोलावलं. नव्या चित्रपटाची संहिता चाळत तो म्हणाला, "मस्त आहे. फक्त शेवटी एकीला मारता येईल का?"

"कुठलीला?"

"ते तुम्ही ठरवा. कलावंताच्या स्वातंत्र्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही."

ती संहिता उचलून घरी आली. तिची जोडीदार तिच्या चित्रपटांचं संकलनही करायची. घरातले सगळे तिला 'मैत्रीण' म्हणायचे आणि विषय बदलायचे. निर्मात्याची सूचना ऐकून जोडीदारानं विचारलं, "मग, कुणाला मारलंस?"

"कुणालाच नाही. निर्माता थोडक्यात वाचला."

चौथा चित्रपट त्यांनी स्वतःच्याच घरात चित्रित केला. आईच्या भूमिकेला मानधन परवडेना, म्हणून मावशीला उभं केलं. प्रसंग साधा होता: मुलीचं गुपित कळतं आणि आईला धक्का बसतो. पण मावशीला काही केल्या धक्का बसेना.

"मावशी, जरा दचक ना."

"कशाला दचकू? इतकी वर्षं तुम्हा दोघींना बघतेय. नुसत्या मैत्रिणी एवढ्या भांडतात होय?"

कॅमेरा चालूच होता. जोडीदार ओठ चावत दाराच्या पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दिग्दर्शिकेला 'कट' म्हणायचं सुचलं नाही. मावशीनंच विचारलं, "बरोबर झालं का? की पुन्हा करू?"

तोच प्रसंग त्यांनी चित्रपटात ठेवला. महोत्सवानं चित्रपट नाकारला. 'पुरेसा संघर्ष नाही' असं कळवलं. शेवटी एका छोट्या थिएटरनं दुपारचा खेळ दिला. लोक हसले, काही पुन्हा आले. मावशीला भाजीच्या दुकानातही कुणीतरी ओळखलं. तेव्हापासून ती दिग्दर्शिकेला सांगते, पुढच्या चित्रपटात मला आई नको, प्रेमात पडणारी कर.