घळीच्या वाटेवरची झावळी

आमच्या बेटाला वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच. तरी विमानातून पाहुणे येतात, कारण आमच्याकडे घळी आहेत. खडक उभा चिरलेला, शिडीने उतरायचं आणि तळाशी हिरवागार डोह. वर येतात ते तोंडभर कौतुक करतच. मी त्यांना गाडीतून फिरवते, त्यामुळे ते कौतुक मला पाठ झालंय.

सगळ्यांत सुंदर घळ आमच्या गावाची. पण लहान माशांची झुंड खडकांपाशी आली की ती वाट बंद होते. गावातला जाणता माणूस वाटेवर आडवी झावळी बांधतो. मग जाळं नाही, पोहणं नाही, खाली पाऊलसुद्धा टाकायचं नाही, मासे बिथरतात. यंदा ती बांधली होती माझ्या बहिणीच्या नवऱ्याने; पानापा त्याचं नाव. या बाबतीत दाजी भलताच कडक. एकदा चर्चच्या पाळकांच्या मुलालाही त्याने सगळ्यांदेखत परत फिरवलं होतं.

तोच दाजी शनिवारी दुपारी जेवायला घरी आला नाही.

अख्खं गाव शोधायला बाहेर पडलं. तारोच्या कंदांचे मळे, खेकडे पकडायचं रान, उत्तरेकडच्या गुहा, सगळं पालथं घातलं. घळ तेवढी राहिली. मी म्हटलं, तिथंही बघू या. कॉन्स्टेबल माझ्याकडे बघून हसला.

"स्वतः बांधलेली झावळी पानापा ओलांडेल? अगं, मेला तरी जायचा नाही तो तिकडे."

त्या संध्याकाळी घळीजवळच्या घरांत कण्हल्याचा आवाज ऐकू आला. तिथल्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या. घळीत मेलेल्यांचे आत्मे फिरतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. रविवारी सकाळी चर्चमध्ये त्या हे कुजबुजत सांगत होत्या. ते ऐकताच मी ताईला हाताला धरून वाटेपर्यंत नेलं. ती झावळीपाशी थांबली. खालून फक्त लाटांचा आवाज येत होता.

"मी हे ओलांडलं असं त्याला कळलं ना, तर घरात घेणार नाही मला," ती म्हणाली. "तूपण जाऊ नकोस. माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर काय करणार. आम्ही परत फिरलो.

सोमवारी एक पाहुणी बाई एकटीच सायकलवरून तिथं गेली. झावळी तिला वाऱ्याने पडून अडकलेली वाटली. खाली डोहाच्या काठावर दाजी होता, मांडीचं हाड मोडलेला. डॉक्टर म्हणाले, जीव त्याच दिवशी पहाटे गेला असावा. आणि म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मासे किती जमलेत ते वरच्या कड्यावरून बघायची आमची रीत आहे. त्याला वरून दिसेनासं झालं होतं, आणि हे त्याने कुणालाही कळू दिलं नाही. कडक माणसाची एवढी ऐट गावाने मिरवली, पण त्याच्या डोळ्यांकडे एकानेही बघितलं नाही. माझा अजून संताप होतो.

संध्याकाळी ती बाई फुलं घेऊन घरी आली. झावळीचा अर्थ तिला तोवर कुणीतरी सांगितला होता. ती रडत माफी मागू लागली. माहीत नव्हतं, चुकून तुमचा नियम मोडला, असं पुन्हा पुन्हा म्हणाली.

ताईने तिचे दोन्ही हात धरले, आणि सोडेचना.

"काल का नाही मोडलास?" ताई म्हणाली.